नामपल्ली आणि काचीगुडा यांच्या मधोमध

हैदराबादच्या नकाशावर कोठी शोधायची असेल तर दोन रेल्वे स्टेशनांच्या मधोमध बोट ठेवावं. पश्चिमेला नामपल्ली, पूर्वेला काचीगुडा. दोघांमधलं सरळ अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पहाटे दुकानं उघडण्याआधी निघालेला माणूस बँक स्ट्रीट आणि सुलतान बाजार ओलांडत तासाभरात ते सहज चालून जातो. हेच अंतर रुळांवरून कापायचं ठरवलं तर गाडी आधी उत्तरेकडे निघते, लकडी का पूल, खैरताबाद, नेकलेस रोड करत हुसेनसागराच्या काठाने सिकंदराबाद गाठते आणि मग सीताफळमंडी, विद्यानगर अशी दक्षिणेला वळून काचीगुड्याला येते. शहराच्या पोटातली ही दोन स्टेशनं, दोन भाऊ भांडून एकमेकांकडे पाठ करून बसावेत तशी आहेत. मधल्या रिकाम्या जागेत कोठीचं सगळं आयुष्य चाललेलं असतं: जुन्या पुस्तकांची दुकानं, गुजराती गल्लीतलं इलेक्ट्रॉनिक सामान, जांबागची फुलं, सुलतान बाजारातल्या साड्या, बडी चावडीची गर्दी आणि सरकारी दवाखान्यांत लांबून आलेली माणसं.

या दुराव्याचं कारण जुनं आहे. निजामाच्या राज्यातली पहिली रेल्वे 1874 साली वाडीहून सिकंदराबादला आली. ती ब्रॉडगेज होती आणि मुंबई-मद्रासच्या हमरस्त्याला राजधानी जोडण्यासाठी घातलेली होती. 1907 मध्ये उभं राहिलेलं नामपल्ली स्टेशन याच ब्रॉडगेजचं. दुसरी वाट मीटरगेजची. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी मजल मारत 1901 पर्यंत मनमाडला पोचली. त्यानंतर दक्षिणेला महबूबनगरच्या दिशेने मीटरगेज वाढली आणि 1916 मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत काचीगुड्याची घुमट-मनोऱ्यांची देखणी इमारत झाली. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालू शकत नाही. त्यामुळे नामपल्ली आणि काचीगुडा रुळांनी जोडण्याला त्या काळी अर्थच नव्हता. शिवाय दोघांच्या मध्ये ब्रिटिश रेसिडेन्सी होती. ब्रिटिश रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तो भव्य वाडा, त्याचं आवार आणि त्याला लागून वाढलेला बाजार. पुढे त्या वाड्यात मुलींचं कॉलेज आलं, आता तिथे महिला विद्यापीठ आहे.

रेसिडेन्सीचा बाजार 1933 पर्यंत इंग्रजांच्या अखत्यारीत होता. निजामाच्या हद्दीत सभेला, संस्थेला, छापखान्याला जी बंधनं होती, ती इथे सैल पडत. कोठी-सुलतान बाजारच्या एवढ्याशा परिसरात इतकी वाचनालयं, शाळा आणि संस्था का उगवल्या, याचं उत्तर बरंचसं इथे सापडतं. तेलुगू भाषेसाठीचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम 1901 मध्ये याच भागात सुरू झालं. केशवराव कोरटकरांच्या पुढाकाराने 1907 साली विवेक वर्धिनी शाळा निघाली. ती आजही जांबागला आहे. इसामिया बाजारात मराठी साहित्य परिषद आहे आणि तिचं ‘पंचधारा’ हे नियतकालिक हैदराबादच्या मराठी घरांतून वाचलं जातं.

या संस्थांना माणसं कुठून मिळाली? बरीचशी रेल्वेने आली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबाद होती. हायकोर्ट इथे, उस्मानिया विद्यापीठ इथे, नोकऱ्या इथे. नांदेड-परभणीचा हुशार मुलगा पुण्या-मुंबईकडे पाहण्याआधी काचीगुड्याच्या गाडीकडे पाहायचा. नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला आले ते त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवत होते म्हणून. अशा कितीतरी मामांनी आणि काकांनी कोठी-काचीगुड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत भाचे-पुतणे ठेवून घेतले. मराठवाडा महाराष्ट्रात गेला, पण रेल्वेचा कारभार अजूनही तसाच जोडलेला आहे. 2003 मध्ये वेगळा झालेला नांदेड विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली आहे, आणि मनमाडची अजंता एक्स्प्रेस काचीगुड्याहूनच सुटते.

म्हणजे कोठीचा मराठी माणूस रेल्वेला परका नाही. नांदेडला जायचं म्हटलं की त्याला गाडीची वेळ, फलाट, रात्रीचा डबा सगळं तोंडपाठ. मात्र लिंगमपल्लीला मुलीकडे जायचं म्हटलं की तो रिक्षा बोलावतो किंवा बसच्या थांब्यावर उभा राहतो. पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नांदेडला जो भरवशाने रेल्वेने जातो, तोच आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला जाताना रेल्वेचा विचारही करत नाही. हैदराबादच्या उपनगरी रेल्वेची दुखरी जागा हीच आहे.

शहराच्या दोन टोकांना वाटलं गेलेलं घर कोठीत शोधायला लागत नाही. आजी-आजोबा इसामिया बाजारात किंवा हनुमान टेकडीवर राहतात. मुलगा-सून चंदानगरला, मियापूरला नाहीतर लिंगमपल्लीला. 1998 मध्ये सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि शहराचं वजन पश्चिमेकडे सरकू लागलं. नोकऱ्या तिकडे गेल्या, पाठोपाठ फ्लॅट गेले, इंग्रजी शाळा गेल्या. कोठीत राहिल्या त्या बाजारपेठा, दवाखाने, जुन्या संस्था आणि म्हातारी माणसं. रविवारी नातवंडं येतात, गणपतीत येतात. एरवी मधल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये ट्रॅफिक उभा असतो.

याच अंतरासाठी 9 ऑगस्ट 2003 रोजी हैदराबादला एमएमटीएस ही उपनगरी लोकल मिळाली. तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या हस्ते ती सुरू झाली. राज्य आणि रेल्वे यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलला. आधी सिकंदराबाद, नामपल्ली आणि लिंगमपल्ली जोडले गेले, मग 2004 च्या फेब्रुवारीत काचीगुडा, मलकपेट, याकूतपुरा असं करत गाडी जुन्या शहरातल्या फलकनुम्यापर्यंत गेली. पहिल्या टप्प्याचा सगळा खर्च पावणेदोनशे कोटींच्या आसपास. त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोमीटरसाठी ही रक्कम फार थोडी, कारण जमीन नवी घ्यावी लागली नाही आणि रूळ होतेच. फलाट उंचावले, लहान लहान स्टेशनं बांधली, विजेच्या गाड्या आणल्या. तिकीट पाच रुपयांपासून. गरीब शहराने शहाणपणाने केलेलं हे काम होतं, आणि त्याची जेवढी वाखाणणी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

त्या तिकिटाचं मोल दबीरपुरा, याकूतपुरा, हुप्पुगुडा या स्टेशनांवर पहाटे कळतं. तिथून निघणाऱ्या घरकाम करणाऱ्या बायका, रखवालदार, बांधकामावरचे मजूर, दवाखान्यातल्या आया यांना महिन्याचा पास परवडतो. रिक्षाच्या एका फेरीला जे पैसे जातात, त्यात त्यांचे कितीतरी दिवस भागतात. कोठीच्या दुकानांमधली नोकर माणसंही मलकपेट नाहीतर काचीगुड्याला उतरून चालत येतात. कोविडच्या आधी दिवसाला सव्वाशेच्या आसपास फेऱ्या होत्या आणि दीड लाखाच्या घरात प्रवासी. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या त्या थेट जून 2021 मध्ये पुन्हा धावल्या. सव्वा वर्षात माणसाची सवय मोडते. कोणी उधारीवर स्कूटर घेतली, कोणी घरच बदललं. डिसेंबर 2023 पासून तेलंगणात बायकांना आरटीसीच्या बसमध्ये फुकट प्रवास मिळाला; पासाचे पैसे वाचवणाऱ्या बाईने बस धरली तर तिला बोल लावता येणार नाही. पण प्रवासी दुरावले ते केवळ यामुळे नव्हे.

खरं दुखणं रुळांचं आहे. पहिल्या टप्प्यात एमएमटीएसला स्वतःचे रूळ मिळाले नाहीत. ज्या रुळांवरून दिल्ली, चेन्नई, मुंबई, बेंगळुरूच्या गाड्या जातात, मालगाड्या जातात, त्यांच्यामधल्या फटीत ही लोकल सरकवायची. लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की आधी तिला वाट द्यावी लागते, आणि लोकल आउटरला उभी राहते. सिकंदराबादच्या अलीकडे सिग्नलसाठी थांबलेल्या डब्यात जो बसला आहे त्याला घड्याळाकडे बघवत नाही. साडेनऊला हजेरी लावायची असलेला माणूस असा दोनदा उशिरा पोचला की तिसऱ्या दिवशी तो स्टेशनवर येत नाही. त्यात दोन गाड्यांमधलं अंतर कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. अशा गाडीला वेळापत्रक पाहून यावं लागतं, आणि वेळापत्रक पाहून यायचं तर ते पाळलं तरी गेलं पाहिजे. दोन्ही नसेल तर पाच रुपयांचं तिकीटही महाग पडतं.

काचीगुड्याने या एकत्र वाहतुकीची फार कडू किंमतही पाहिली आहे. 11 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी स्टेशनजवळच एमएमटीएस आणि कर्नूलहून आलेली हुंद्री इंटरसिटी समोरासमोर आल्या. लोकलचा चालक चेपलेल्या केबिनमध्ये कित्येक तास अडकून होता. त्याला बाहेर काढलं, पण नंतर तो वाचला नाही. चौकशीत दोष कोणाचाही ठरो, एकाच गळ्यातून इतक्या तऱ्हांच्या गाड्या काढण्याचा ताण चालकांवर, स्टेशन मास्तरांवर आणि सिग्नलवर किती असतो, हे त्या सकाळी शहराला दिसलं.

मुंबईकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याणपर्यंत धीम्या आणि जलद लोकलचे वेगळे रूळ आहेत, म्हणून तो डोलारा उभा राहतो. तरीही मेल-एक्स्प्रेसची अडचण होत राहिली, म्हणून ठाणे-दिवा पट्ट्यात पाचवी-सहावी मार्गिका टाकावी लागली. ती व्हायला 2022 चा फेब्रुवारी उजाडला. पुण्याची लोणावळा लोकल 1978 पासून आहे. पण मुंबई-पुण्याच्या भरगच्च मार्गावर तिलाही मधल्या फटी शोधाव्या लागतात, म्हणून ती कधी मुंबईच्या लोकलसारखी वाढली नाही. जगभर हाच अनुभव आहे. पॅरिसमध्ये उपनगरांतल्या गाड्या पूर्वी शहराच्या कडेच्या टर्मिनसवर थांबायच्या आणि माणसं तिथे उतरून मेट्रोत घुसायची. पॅरिसने शहराच्या पोटातून खोल बोगदा काढला, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या उपनगरी वाटा एकमेकींना जोडल्या आणि डिसेंबर 1977 पासून आरईआर या उपनगरी रेल्वेची गाडी एका उपनगरातून निघून मध्यवस्ती ओलांडत थेट दुसऱ्या उपनगरात जाऊ लागली. म्युनिकने 1972 च्या ऑलिंपिकचं निमित्त साधून हेच केलं. आपल्याकडे दिल्ली-मेरठची नमो भारत 2023 पासून ताशी 160 किलोमीटर वेगाने धावते, पण तिच्यासाठी सगळी वाटच नवी बांधली. बोगद्याला आणि नव्या वाटेला अफाट पैसा लागतो. हैदराबादकडे तो नव्हता म्हणून एमएमटीएस झाली, आणि ते योग्यच होतं. चुकलं ते पुढे: असलेल्या रुळांवर लोकलला पहिला हक्क मिळाला नाही.

दुसरा टप्पा 2012-13 मध्ये मंजूर झाला, 816 कोटींचा. दोन तृतीयांश राज्याने द्यायचे, एक तृतीयांश रेल्वेने. वाट्याच्या पैशावरून वाद झाले, वर्षं गेली. तेल्लापूर-रामचंद्रपुरमचा छोटा तुकडा 2019 मध्ये सुरू झाला. सिकंदराबाद-मेडचल आणि फलकनुमा-उमदानगर या वाटांवर 8 एप्रिल 2023 रोजी गाड्या सुटल्या. मार्च 2024 मध्ये मौलाली-सनतनगरमार्गे घटकेसर-लिंगमपल्ली गाडी आली. यातली मेडचलची वाट म्हणजे तीच जुनी गोदावरी व्हॅली. ज्या रुळांवरून आजोबा परभणीहून ट्रंक घेऊन आले, त्याच मार्गाने आता बोलारम आणि अलवालची माणसं कामाला येतात. उमदानगरची कथा मात्र जिवाला लागते. 2008 मध्ये शमशाबादला नवा विमानतळ झाला, लोकल त्याच्या दिशेने गेली आणि काही किलोमीटर अलीकडेच थांबली. विमानतळावर काम करणारे हजारो लोक रोज त्या उरलेल्या अंतरासाठी दुसरी सोय शोधतात.

आता पुन्हा कोठीकडे. जुन्या गेजच्या भांडणात जे दोन टोकांचं अंतर राहून गेलं होतं, ते भरून निघालं आहे, आणि ते रेल्वेने नव्हे तर मेट्रोने भरलं. सप्टेंबर 2018 मध्ये लाल मार्गिका एल. बी. नगरपर्यंत गेली. नामपल्लीनंतर गांधी भवन, मग उस्मानिया मेडिकल कॉलेज, मग महात्मा गांधी बस स्टेशन आणि मुसी ओलांडून मलकपेट. उस्मानिया मेडिकल कॉलेज म्हणजे कोठीच. आणि मलकपेटचं मेट्रो स्टेशन एमएमटीएसच्या मलकपेटला जवळजवळ खेटून आहे. नामपल्लीला उतरलेला माणूस आज अर्ध्या शहराला वळसा न घालता काही मिनिटांत फलकनुम्याच्या वाटेवर येऊ शकतो. फेब्रुवारी 2020 मध्ये हिरवी मार्गिका थेट सुलतान बाजारात आली. त्या अरुंद रस्त्यावरून खांब जाणार म्हणून व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला होता, मार्ग बदलण्याच्या घोषणाही झाल्या होत्या. दुकानदारांची भीती खरी होती. बाजाराचं रूपडं बदललं, हेही खरं. तरी साडीच्या दुकानाबाहेरच स्टेशन असणं ही सोय आता कोणी परत द्यायला तयार होणार नाही.

इतकं सगळं जवळ आलं आहे, तरी ते एकमेकांना ओळखत नाही. मेट्रोचं तिकीट वेगळं, एमएमटीएसचं वेगळं, बसचा पास तिसराच. मेट्रोच्या स्टेशनवर पुढची लोकल कधी आहे याचा फलक दिसत नाही. काचीगुड्याला तर मेट्रो नाहीच. दीड-दोन किलोमीटरसाठी रिक्षावाला जे मागतो त्यात लोकलची तीन-चार तिकिटं येतात. पश्चिमेच्या टोकालाही तेच: हायटेक सिटी स्टेशनला उतरल्यावर कचेऱ्यांपर्यंत शेअर ऑटो लागते. हे प्रश्न इंजिनिअरिंगचे नाहीत. दोन-तीन कार्यालयांनी एका टेबलाशी बसून सोडवण्याचे आहेत.

संधीही नेमकी आताच आली आहे. 6 जानेवारी 2025 रोजी चर्लपल्लीच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. सिकंदराबाद, नामपल्ली आणि काचीगुड्यावरचा लांबच्या गाड्यांचा भार कमी व्हावा, हाच त्याचा उद्देश. हे टर्मिनल ज्या मौलाली-घटकेसर पट्ट्यात आहे, तिथे रूळही वाढवले आहेत. लांबच्या गाड्या जसजशा तिकडे सरकतील, तसतसे शहराच्या मध्यातले फलाट आणि सिग्नल मोकळे होतील. ती मोकळी जागा कोणाला मिळणार, हा आजचा प्रश्न आहे. नव्या एक्स्प्रेस आणून ती भरून टाकली तर पुढची वीस वर्षं लोकल पुन्हा आउटरलाच उभी राहील. शहराभोवती बाहेरच्या रिंग रेल्वेची चर्चाही चालली आहे. ती होईल तेव्हा होवो. फलकनुमा ते लिंगमपल्ली या वाटेवर सकाळ-संध्याकाळ दर पंधरा-वीस मिनिटांना, ठरल्या मिनिटाला, लोकल सोडणं त्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी कमी पैशांत होऊ शकतं.

कोठीच्या मराठी माणसांनी हा विषय आपला म्हणून हाती घ्यावा. प्रत्येक रेल्वे विभागाला प्रवाशांची सल्लागार समिती असते. तिच्याकडे आपण नांदेड-मनमाडच्या गाड्यांसाठी अर्ज करतो, तसे फलकनुमा-लिंगमपल्लीच्या फेऱ्यांसाठीही करावेत, मेट्रो आणि लोकलच्या एकत्र तिकिटासाठी करावेत. आणि एक काम कोणालाही न विचारता आजच करता येईल. इसामिया बाजारात व्याख्यान असो की जांबागला शाळेचा मेळावा, निमंत्रणपत्रिकेवर पत्त्याखाली आपण ‘गाड्या लावण्याची सोय आहे’ असं छापतो. त्याऐवजी छापावं: मेट्रोने उस्मानिया मेडिकल कॉलेज किंवा सुलतान बाजार, लोकलने मलकपेट किंवा काचीगुडा, आणि कार्यक्रम शेवटच्या लोकलच्या वेळेआधी संपवावा.